पुड्यावरची मुलगी

पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात एक व्याख्यान झालं. ऐकायला शहरातली बडी मंडळी होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानात काय सांगितलं गेलं, हे आज कुणाला आठवत नाही. आठवतं ते त्यानंतरचं. पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं आली. कुणी कप तोंडाला लावला, कुणी यजमानांचा मान राखायला नुसता हातात धरून खाली ठेवला आणि सगळे घरोघर गेले. मग गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणेवैभव’मध्ये छापून आणली. डॉक्टर आनंदीबाई जोशांचे हे यजमान. खोडसाळपणात त्यांचा हात धरणारं पुण्यात दुसरं कुणी नव्हतं. गावात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला कमिशन बसलं. आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं आणि त्यापायी सुधारकांची बोलणी खाल्ली.

हे सगळं पुढे ‘चहाचं प्रकरण’ म्हणून ओळखलं गेलं आणि बशीतलं बिस्किट बिचारं विसरलं गेलं. वास्तविक सोवळ्याच्या हिशेबात चहापेक्षा बिस्किटाचाच गुन्हा मोठा धरायला हवा होता. पीठ कुणी भिजवलं, पाणी कुणाच्या घरचं, भट्टीपाशी कोण उभं होतं, आत अंडं पडलं की काय, यातलं काहीच खाणाऱ्याला कळायला मार्ग नाही. आणि गंमत पाहा. दोन-तीन पिढ्या उलटल्या न उलटल्या, तोच हे बाटवणारं बिस्किट बाळाच्या तोंडी पडणाऱ्या पहिल्यावहिल्या बाहेरच्या खाण्यांपैकी एक होऊन बसलं. दुधात कुस्करून, वाटी-चमच्यानं, बहुतेक वेळा आजीच्याच हातून. त्यातही कुठलंही बिस्किट चालत नसे. पिवळ्या पुड्यातलंच लागे.

भट्टीतल्या जिनसांशी असलेलं हे वैर जुनं होतं. विहिरीत पाव टाकला, लोक ते पाणी प्यायले आणि अख्खं गाव बाटलं, ही वसईकडची कथा कित्येक मराठी घरांत सांगितली जाई. ती अक्षरशः घडली असो नसो, पावाबद्दल लोकांच्या मनात काय होतं ते तीत दिसतं. गोव्यात पोर्तुगिजांबरोबर आलेला पाव माडाच्या सुरेवर फुगवला जाई, म्हणजे त्यात दारूचा अंश. मुंबईत पाव भाजणारे गोव्याचे ख्रिस्ती, मग इराणी आणि मुसलमान. म्हणूनच १८४९ च्या सुमाराला मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या पुढाकारानं जमलेल्या परमहंस मंडळीत दाखल होताना ख्रिस्त्यानं भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. जातिभेद मानत नाही, असं तोंडानं कुणीही म्हणेल. पाव गिळून दाखव, मग खरं. ही मंडळी जमायची तीही गुपचूप. सभासदांची नावं बाहेर फुटली आणि मंडळी मोडली.

साहेब लोकांची बिस्किटं तेव्हा विलायतेहून पत्र्याच्या डब्यांतून येत. इंग्लंडातल्या रेडिंग गावच्या हंटली अँड पामर्सचे चित्रांचे डबे जगभर जात. आतला माल संपला तरी डबा घरात वर्षानुवर्षं राही. कलकत्त्यात १८९२ साली २९५ रुपयांच्या भांडवलावर एका लहानशा घरात बिस्किटं भाजायला सुरुवात झाली. तीच पुढे ब्रिटानिया. या सगळ्यांत बोलकं नाव मात्र दिल्लीचं. तिथे १८९८ साली जो कारखाना निघाला त्याचं नावच ‘हिंदू बिस्किट कंपनी’. बिस्किट कुरकुरीत आहे की खुसखुशीत, हा प्रश्न नंतरचा. आधी कुणाच्या हातचं ते सांगा, ही त्या वेळच्या गिऱ्हाइकाची मागणी होती आणि कंपनीनं तिचं उत्तर थेट पाटीवरच लिहून टाकलं होतं. मालाच्या शुद्धतेची हमी जातीनं द्यायची ही रीत. पिवळ्या पुड्याची रीत वेगळी निघाली.

मोहनलाल दयाळ चौहान हे मूळचे गुजरातेतल्या पारडीचे. मुंबईत येऊन शिवणकाम आणि कापडाच्या धंद्यात त्यांनी जम बसवला होता. स्वदेशीचे दिवस होते. विलायती गोळ्या-चॉकलेटं महाग, आणि ती इथे का होऊ नयेत, हा विचार डोक्यात घेऊन ते जर्मनीला गेले, मिठाईच्या गोळ्यांचं तंत्र पाहून आले, यंत्रं आणली. त्या यंत्रांची किंमत तेव्हा ६०,००० रुपये होती असं सांगतात. १९२९ साली विलेपार्ल्यात एका जुन्या कारखान्याच्या जागेत काम सुरू झालं ते बारा माणसांवर, त्यातली बरीचशी घरचीच. पहिला माल बिस्किटाचा नव्हता, संत्र्याच्या गोळीचा होता. कामाच्या धबडग्यात कारखान्याला नाव द्यायचं राहूनच गेलं आणि शेवटी गावाचंच नाव चिकटलं, ही कंपनीची आवडती आख्यायिका. बिस्किटांची भट्टी पेटली ती त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी, दुसरं महायुद्ध तोंडावर असताना.

विलेपार्ले तेव्हा मराठी मध्यमवर्गाचं होऊ घातलेलं उपनगर. टिळक गेल्यावर वर्षाच्या आत, १९२१ साली, तिथे त्यांच्या नावानं पार्ले टिळक विद्यालय उभं राहिलं होतं. ज्या टिळकांना एका चहापायी प्रायश्चित्ताचे दाखले द्यावे लागले, त्यांच्या नावाच्या शाळेतली पोरं बिस्किटाच्या भट्टीचा गोड वास नाकात घेत पाढे म्हणू लागली. इतिहासाला असले विनोद करायला आवडतं.

या बिस्किटाचं नाव ‘पार्ले ग्लुको’. त्यातल्या दुसऱ्या शब्दाकडे नीट पाहायला हवं. ग्लुकोज हा त्या काळात दवाखान्यातला शब्द होता. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला डॉक्टर ग्लुकोजचं पाणी द्यायला सांगत, अशक्त रोग्याला ते शिरेतून चढवलं जाई. हा शब्द बिस्किटाला लागल्याबरोबर त्याचं गोत्रच बदललं. ते चैनीच्या खाण्यातून उठून पथ्याच्या खाण्यात जाऊन बसलं. औषधाला विटाळ नसतो, हे तर आपल्याकडे सोवळ्यातली माणसंही मानत. काडेचिराईत कुणी कुटलं, हे कुणी विचारत नाही. हॉस्पिटलात कुणाला भेटायला जाताना चार मोसंबी आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचा एक पुडा नेण्याची चाल पडली ती त्यामुळेच. बिस्किटात ग्लुकोज असे तो पाकाच्या रूपानं, आणि साखरेपेक्षा त्याचं कौतुक जास्त का, हे विचारण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

नावाची ही जादू इतरांच्याही लक्षात आली होती. १९४९ साली मुंबईच्या एका खाद्य कंपनीनं आपल्या बिस्किटांसाठी ‘ग्लुव्हिटा’ हे नाव नोंदवायला टाकलं. ग्लुकोजची पूड ‘ग्लुकोव्हिटा’ नावानं विकणाऱ्यांनी हरकत घेतली आणि भांडण पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५९ साली न्यायालयानं पूडवाल्यांचं म्हणणं उचलून धरलं. गिऱ्हाईक सामान्य बुद्धीचं असतं, त्याला नाव अर्धवट आठवतं, हे न्यायालयानं त्या निकालात गृहीत धरलं. किराण्याच्या दुकानात फळीकडे बोट दाखवून “ते हे द्या हो, ते...” म्हणणारं माणूस ज्यानं पाहिलंय, त्याला हे पटवून द्यावं लागणार नाही.

पार्ल्याच्या बिस्किटावरून झालेला खटला त्याहून रंगतदार. त्यासाठी आधी जुना पुडा डोळ्यांसमोर आणायला हवा, कारण आज कुणाच्याही आठवणीत असतो तो हा पुडा नव्हेच. अर्ध्या पौंडाच्या पुड्याचं ते कागदी वेष्टन ५ डिसेंबर १९४२ या तारखेनं व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेलं होतं. रंग फिकट बदामी. चित्रात शेतावरच्या घराचं आवार, मागे झाडं, आणि मधोमध पाण्याची बादली घेऊन चाललेली एक मुलगी. तिच्या आजूबाजूला गाई आणि कोंबड्या. बिस्किट कुठल्या यंत्रात होतं, भट्टी किती लांब, याचा चित्रात मागमूस नाही. लोखंडी कारखान्यात झालेला माल गोठ्यातून आल्यासारखा दिसावा, एवढी तजवीज मात्र चोख होती. आजच्या जाहिरातवाल्यांना आपण फार हुशार वाटतो. ही युक्ती युद्धाच्या धामधुमीतली आहे.

युद्धात हा माल लष्कराला जात होता, आणि बाहेर मागणी वाढत होती. मुंबईत १९४३ पासून रेशनिंग सुरू झालं. मग फाळणी आली. गव्हाची कोठारं म्हणावीत असे पंजाबचे कालव्याखालचे मुलूख पलीकडे गेले आणि इकडे गव्हाचा खडखडाट झाला. ग्लुको बिस्किटं काही काळ बंद ठेवावी लागली. त्या वेळी कंपनीनं वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन लोकांना सांगितलं, की गव्हाचा पुरवठा सुरळीत होईतो आमची बार्लीची बिस्किटं खा. माल नाही म्हणून जाहिरात बंद करणारे पुष्कळ असतात. माल नाही हे सांगायला जाहिरात देणारे थोडे. दुकानातून नाहीसं झालेलं बिस्किट गिऱ्हाइकाच्या डोक्यात टिकलं, त्याला या जाहिरातींचाही हातभार लागला असावा. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीला पार्ल्यात २५० फूट लांबीची भट्टी होती आणि देशात इतकी लांब भट्टी दुसरी नाही, असा कंपनीचा दावा होता.

खटल्याकडे यायचं तर १९६१ साली जावं लागतं. म्हैसूर राज्यातली एक कंपनी जवळजवळ तशाच वेष्टनात ग्लुकोज बिस्किटं विकत असल्याचं पार्लेवाल्यांच्या ध्यानात आलं. तिथेही शेतावरचं आवार, तिथेही गाई-कोंबड्या आणि मधोमध मुलगी. फरक एवढाच, की या मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा होता आणि हातात विळा आणि भाकरीचं गाठोडं. खालच्या कोर्टानं आणि मग उच्च न्यायालयानं दोन्ही पुडे शेजारी ठेवून पाहिले, बारीकसारीक फरक मोजले आणि फसगत होण्यासारखं काही नाही असं ठरवलं. जानेवारी १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. पुडे असे शेजारी-शेजारी ठेवून पाहायचेच नसतात, असं न्यायमूर्तींचं म्हणणं. गिऱ्हाईक दुकानात येतं ते डोक्यात एक पुसट चित्र घेऊन. बादली होती की भारा, कोंबड्या किती, हे मोजायला ते काही शेरलॉक होम्स नव्हे. होम्सचं नाव खुद्द निकालपत्रात आहे. एका बिस्किटाच्या पुड्यावरून देशातल्या सर्वोच्च न्यायालयानं गिऱ्हाइकाच्या निष्ठेची रीत अशी नोंदवून ठेवली, की माणूस आपलं बिस्किट वाचून घेत नाही, चेहऱ्यानं ओळखतं. व्यापारचिन्हांच्या खटल्यांत हा निकाल आजही काढला जातो.

निकाल हाती येईपर्यंत कंपनी त्या शेतातल्या मुलीला सोडून दुसऱ्या मुलीकडे वळलीही होती. साठच्या दशकात ग्लुकोज बिस्किटांचं पेवच फुटलं. दुकानदाराकडे कुणी ‘ग्लुकोजचा पुडा’ मागितला, की हाताला येईल तो पुडा तो पुढे करी. यावर उपाय म्हणून नवा पुडा आला. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, मेणाच्या कागदाचा, आणि त्यावर एक गुबगुबीत बाळ. कपाळावर आखूड केस, हात किंचित वर. जाहिरात संस्थेतल्या मगनलाल दहिया या चित्रकारानं काढलेलं हे चित्र. लोकांना मात्र ते पटत नाही. एवढं ओळखीचं पोर कुणाचं तरी असणारच, या खात्रीनं त्याचे पालक शोधण्याचा उद्योग वर्षानुवर्षं चालू आहे. कधी नागपूरच्या कुणा बाईंचं नाव पुढे येतं, कधी चक्क सुधा मूर्तींचं. कंपनीनं पुन्हा पुन्हा सांगितलं, की हे चित्रच आहे. लोक ऐकून घेतात आणि पुढच्या लग्नात तीच गोष्ट नव्यानं सांगतात.

गोठ्याच्या जागी बाळ आलं, तेव्हा पुड्यावरचं बोलणंही बदललं. जुनं चित्र सांगत होतं, माल कुठून आला. नवं सांगत होतं, तो कुणासाठी आहे. आणि मेणाच्या त्या कागदाची कामगिरी चित्राइतकीच मोठी. दोन्ही टोकांना घड्या घालून यंत्रानं चिकटवलेला तो पुडा पाहिला, की आतल्या बिस्किटांना माणसाचा हात लागला असेल ही शंकाच मनात येत नसे. बेकरीतली खारी, नानकटाई बरणीतून हातानं काढून, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून मिळे. हा पुडा आपल्यासमोर पहिल्यांदा उघडतो. उघडणारे आपण. ‘कुणाच्या हातचं’ हा जो प्रश्न दिल्लीच्या कंपनीला जातीचं नाव घेऊन सोडवावा लागला होता, तो इथे हातच गायब करून सुटला. जात गेली असा याचा अर्थ नाही. शेजारच्या घरचं पाणी न पिणारी कित्येक घरं हा पुडा मात्र निःशंक मनानं फोडत. विटाळाला या एका खिडकीतून सूट मिळाली होती, एवढंच.

मराठी घरांत हा पुडा शिरला तो पाहुण्यांच्या पिशवीतून. ज्या घरात लहान मूल आहे तिथे रिकाम्या हातानं जायचं नाही, हा शिरस्ता. पूर्वी फळं न्यावीत, खडीसाखर न्यावी. मग बिस्किटाचा पुडा आला. न्यायला सोपा, टिकायला बरा आणि देणाऱ्याच्या खिशाला न टोचणारा. मुलांच्या हातात तो पडला, की खाण्याचेही विधी ठरलेले. आधी कडेची नक्षी कुरतडायची, मग मधली इंग्रजी अक्षरं एकेक करून. मोठ्यांचा विधी चहाचा. बशीत ओतलेल्या चहात बिस्किट उभं धरायचं आणि मनात काही मोजायचं. एक क्षण कमी पडला तर मध्ये कोरडं राहतं, एक क्षण जास्त झाला तर निम्मं बिस्किट तळाशी. त्या वेळी आजूबाजूला कुणी पाहत नाही ना, हे बघून बोटानं निपटून घेतलेला तो गाळ ज्याला आवडत नाही, असा माणूस सहसा भेटायचा नाही. पंचहौदच्या त्या संध्याकाळी नुसताच हातात धरलेला कप आणि न खाल्लेलं बिस्किट, यांची गाठ अखेर अशी पडली.

स्पर्धा नव्हती असं मुळीच नाही. पुण्याच्या साठे बिस्किटांचं नाव जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून येतं. ‘शोले’ आला १९७५ साली, आणि त्यानंतर ब्रिटानियानं आपल्या ग्लुकोज-डीच्या जाहिरातीत गब्बरसिंगाला, म्हणजे अमजद खानलाच आणून बसवलं. खलनायकानं बिस्किट खाऊन दाखवायचं आणि पोरांनी ते मागायचं, हा अजब प्रकार चांगला चालला. पार्लेवाल्यांची खरी अडचण गब्बरची नव्हती, शब्दाची होती. ग्लुकोज हा शब्द कुणाच्या बापाचा नाही. ज्या शब्दानं बिस्किटाला प्रतिष्ठा मिळवून दिली, तोच आता कुणीही वापरत होतं. म्हणून १९८२ साली शब्द टाकून त्याचं एक अक्षर ठेवलं आणि ‘पार्ले ग्लुको’चं ‘पार्ले-जी’ झालं. दूरदर्शन रंगीत झालं तेही त्याच वर्षी. पुढे ‘शक्तिमान’ आला, तेव्हा पार्ले-जी त्याचं प्रायोजक होतं. जी म्हणजे ग्लुकोज, हे विसरलेल्या पिढीला कंपनीनं जी म्हणजे जीनियस असंही सांगून पाहिलं. नक्कल करणारे थांबले नाहीतच. अक्षरं पुढे-मागे करून, एखादं वाढवून, पिवळ्या पट्ट्यांवर कुठलं तरी बाळ बसवून पुडे निघतच राहिले. यष्टी स्टँडवरच्या अंधाऱ्या टपरीत, गाडी सुटायच्या घाईत, ते खपतही.

या निष्ठेत भावनेचा भाग किती आणि नाण्याचा किती, हा प्रश्न सोडून चालत नाही. पार्ले-जीचा लहान पुडा १९९४ साली ४ रुपयांना होता. पंचवीस वर्षांनी तो ५ रुपयांना होता. एवढ्या काळात दूध, डिझेल, मैदा, साखर कुठल्या कुठे गेलं. कंपनीनं एकदा पन्नास पैसे वाढवून पाहिले, तर विक्री कोसळली आणि पन्नास पैसे परत घ्यावे लागले, असा किस्सा सांगितला जातो. मग जे करायचं ते वजनात केलं. १०० ग्रॅमचा पुडा साडेब्याण्णववर आला, मग ८८ वर, आणि उतरत उतरत ५५ ग्रॅमच्या आसपास. पुडा हातात धरणाऱ्याला एकेका वेळी फार तर एखाद्या बिस्किटाचा फरक जाणवतो, आणि तो विसरायला एक चहा पुरतो. याला फसवणूक म्हणता येत नाही. वजन पुड्यावर छापलेलं असतं. पण गिऱ्हाईक चेहरा ओळखतं, आकडे वाचत नाही, हे न्यायालयानं १९७२ साली सांगितलं होतं ते इथे कंपनीच्या पथ्यावर पडलं. शिवाय बांधकामावरच्या मजुराचा, हमालाचा, रात्रपाळीच्या वॉचमनचा हिशेब ग्रॅमात नसतोच. चहाबरोबर खिशातलं पाचाचं नाणं टाकलं की दुपारपर्यंतची सोय होते की नाही, एवढाच असतो. २०१३ मध्ये पार्ले-जीची वर्षाची किरकोळ विक्री ५,००० कोटींच्या पुढे गेली. तीही अशा पाच-पाच रुपयांच्या बळावर.

सोय होते, पण पोषण होतं का? पुड्याच्या मागे बारीक अक्षरात उत्तर आहे. गव्हाचं पीठ, म्हणजे मैदा, साखर, पामतेल, साखरेचा पाक, थोडे दुधाचे घटक. एकूण वजनाच्या जवळपास पाव हिस्सा साखर. दोन वर्षांखालच्या मुलांना वरून घातलेली साखर देऊच नका, असं बालरोगतज्ज्ञ आता बजावून सांगतात आणि बाळाला दुधात बिस्किट कुस्करून देणाऱ्या आजीचं आणि सुनेचं त्यावरून वाजतं. आजीचा युक्तिवाद ठरलेला: “तुझ्या नवऱ्याला यावरच वाढवलाय.” ज्या शब्दाच्या जोरावर हे बिस्किट पथ्यात शिरलं, त्याच शब्दामुळे आज ते पथ्यातून बाहेर काढलं जात आहे. मधुमेहाच्या डॉक्टरांच्या कुपथ्याच्या यादीत बिस्किटं हमखास असतात. ग्लुकोज वाढणं ही एके काळी चांगली गोष्ट मानली जाई.

विलेपार्ल्याच्या कारखान्याचं खरं प्रसिद्धिखातं मात्र वाऱ्यावर चाले. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये डोळे मिटून बसलेल्या माणसालाही स्टेशन कळे. भाजत्या पिठाचा आणि साखरेचा गोडसर वास डब्यात शिरला, की पार्ले आलं. पूर्वेकडच्या शाळकरी पोरांच्या वर्गात तो दुपारी येई आणि मधली सुट्टी अजून किती लांब आहे याची आठवण करून देई. पार्ल्यात वाढून परदेशी गेलेली मराठी माणसं न्यू जर्सीतल्या देशी दुकानातून पुडा उचलतात तेव्हा तो नाकाकडे नेतात, असं गमतीनं म्हटलं जातं. पुडा फोडल्याशिवाय काही वास येत नाही. आता तर वेष्टन प्लॅस्टिकचं आहे. मेणाचा कागद गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. २०१६ च्या उन्हाळ्यात पार्ल्यातलं उत्पादन थांबलं. उरलेल्या सुमारे ३०० कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. देशभर इतरत्र कारखाने होते, त्यामुळे बाजारात एका पुड्याचाही फरक पडला नाही. गाडीत बसलेल्यांना पडला.

मार्च २०२० मध्ये देश बंद झाला. दुकानांच्या फळ्या रिकाम्या होऊ लागल्या, लोक घरात कोंडले गेले आणि ज्यांना घर नव्हतं ते मुंबई-पुण्याहून पायी निघाले. कंपनीनं तीन कोटी पुडे वाटण्याचं जाहीर केलं. नाशिकच्या महामार्गावर, ठाण्याच्या पुलाखाली, जिथे कुणी डाळ-तांदूळ शिजवून वाढू शकत नव्हतं तिथे केळी, पाण्याची बाटली आणि हा पुडा हातात ठेवला जात होता. एप्रिल-मेमध्ये पार्ले-जीची विक्री गेल्या आठ दशकांत झाली नव्हती इतकी झाली, असं कंपनीनं नंतर सांगितलं.

त्याच महिन्यांत सोसायट्यांच्या फाटकांवर आणि चाळींच्या जिन्यांत एक जुनाच प्रश्न नव्यानं विचारला जात होता. हे कुणी हाताळलंय? दुकानदारानं, पोऱ्यानं, पिशवी वर आणून देणाऱ्या वॉचमननं? आलेलं वाणसामान दारातच ठेवलं जाई. आत घेणारं माणूस वेगळं, धुणारं वेगळं, आणि धुणाऱ्यानं मग हात धुवायचे. बादलीत साबणाचं पाणी करून त्यात दुधाच्या पिशव्या, तेलाची पाकिटं आणि पिवळे पुडे बुडवले जात. मेणाच्या कागदाला हे सोसलं नसतं, प्लॅस्टिकला सोसलं. मग ते पुडे गॅलरीत, खिडकीच्या कठड्यावर, कपड्यांच्या दोरीखाली ओळीनं उन्हात निथळत ठेवलेले दिसत, बाळाचं तोंड वर करून. संध्याकाळी चहा टाकला की त्यातला एक आत नेला जाई, आणि पुसून घेतल्यावर फोडला जाई.